प्रेस शॉपमधली सम

हे वाचताना घाई नको. आज गुरुवार असेल तर फारच छान. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि आठवडाभर कानांवर काय काय आदळलं, हे त्या दिवशीच्या शांततेतच कळतं. पाठ भिंतीला टेकवा, मोबाईल पालथा ठेवा. गाणं इतक्यात लावायचं नाही.

एक आवाज आठवा. पॉवर प्रेसचा. तुम्ही स्वतः प्रेस शॉपमध्ये काम करत नसाल, तरी चाकणच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर बाजूच्या शेडमधून तो ऐकला असेल. रॅम खाली येतो, डायवर पत्रा दाबला जातो, ठप्प. परत वर, परत ठप्प. कॉइल लावलेली असेल तर तासन् तास हेच चालतं. तो ठोका मनात चालू द्या. मोजू नका, फक्त असू द्या.

थोड्या वेळाने एक गंमत होईल. ठोके सगळे एकसारखे आहेत, तरी त्यातला एक जड वाटायला लागेल आणि पुढचा हलका. मग दोन-दोनचे नाहीतर चार-चारचे गट आपोआप पडतील. १८९४ मध्ये थॅडियस बोल्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच तपासलं होतं. लोकांना त्याने अगदी सारखे ठोके ऐकवले आणि लोकांनी त्यांचे गट पाडले. यंत्राने काहीच वेगळं केलेलं नव्हतं. प्रेसला सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, ठाऊकच नसते. सम ऐकणारा देतो.

आता ती सम हलवून बघा. जड वाटणारा ठोका सोडा, त्याच्या पुढच्याला पहिला म्हणा. सुरुवातीला मन ऐकणार नाही, जुन्या जागीच परत जाईल. जाऊ द्या. पुन्हा हलवा. मग तीन-तीनचे गट करून बघा. ठोका तोच, पण चाल पार बदलते. ड्रमर आयुष्यभर करतो ते हेच. हात नंतर येतात.

कानाचा असा धंदा करणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. मेंटेनन्सचा जुना फिटर आठवा. मशीन चालू असताना तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. आजूबाजूला कंप्रेसर, ग्राइंडर, हॉर्न, सगळं चालू असतं. त्या कल्लोळातून तो एकच खरखर वेगळी काढतो आणि म्हणतो, बेअरिंग चाललंय, शनिवारपर्यंत टिकेल. रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेमागे बसणाऱ्या प्रोड्यूसरचं काम याहून फार निराळं असतं असं मला वाटत नाही. त्याला पगार मात्र बरा मिळतो.

आता त्रिलोक गुर्टू यांच्याकडे वळू. १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेला हा ड्रमर. आई म्हणजे बेळगावच्या शोभा गुर्टू, ठुमरीचा मोठा गळा. घरात तबला, बाहेर पाश्चात्त्य रेकॉर्ड. त्या रेकॉर्डवर एकावर एक चढवलेले थर असतात, आधी एक वाद्य, मग त्याच फितीवर दुसरं. ओव्हरडबिंग नावाचा हा प्रकार असतो, हे तेव्हा त्यांना माहीतच नव्हतं. ऐकू येतंय ते सगळं एकदम वाजवलंय, असं समजून ते तसं वाजवायला बसले आणि त्या नादात इतर कोणी हात घातला नसता अशा गोष्टी शिकले. पुढे एका मुलाखतीत त्यांनीच हे सांगितलं आहे.

या गोष्टीपाशी जरा थांबा. स्टुडिओतली युक्ती माहीत असती तर हा मुलगा निम्म्यात समाधानी झाला असता. त्याने कानावर विश्वास ठेवला, आणि हातांना कानामागे धावावं लागलं.

अमेरिकेतला बुच विग याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. हाही ड्रमर, आणि प्रोड्यूसरही. १९८३ मध्ये मॅडिसन या शहरात त्याने मित्राबरोबर 'स्मार्ट स्टुडिओज' काढला आणि छोट्या, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेरच्या रॉक बँडना रेकॉर्ड करत राहिला. 'निर्वाणा' या बँडचा १९९१ चा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम त्याच्या हातचा. बँडचा गायक कर्ट कोबेन याला ओव्हरडबिंग खोटेपणा वाटायचा. जॉन लेननही तसंच करायचा, असं सांगून विगने त्याला आवाजावर आवाज चढवायला राजी केलं. त्याच अल्बममधलं 'लिथियम' वाजवताना बँडची लय पुढे पळत होती, म्हणून विगने ड्रमर डेव्ह ग्रोलला क्लिक ट्रॅक लावून वाजवायला सांगितलं. क्लिक ट्रॅक म्हणजे कानात टकटकणारा ठोका, आपल्या प्रेससारखाच निर्विकार. नंतर हाच विग 'गार्बेज' बँडमध्ये पुन्हा ड्रमवर बसला. स्वतः ड्रमर असून दुसऱ्या ड्रमरला यंत्राच्या लयीत बसवायला धीर लागतो. केव्हा बसवायचं आणि केव्हा पळू द्यायचं, हेच प्रोड्यूसरच्या कामातलं खरं कौशल्य. २०१० पासून पुण्यात 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव ऐकत मोठ्या झालेल्या, दिवसा नोकरी आणि रात्री बँड करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. लॅपटॉपवर सगळे ठोके ग्रिडला चिकटवून टाकणं फार सोपं झालंय.

आता उठा. एक स्टीलचं ताट आणि पाण्याची बादली घ्या. ताट काठाला धरून चमच्याने वाजवा आणि नाद चालू असतानाच हळूहळू पाण्यात सोडा. स्वर खाली घसरतो. ताटाला आता पाणीही सोबत हलवावं लागतं, म्हणून कंपनं मंदावतात. गुर्टू मंचावर झांजांचं हेच करतात. स्टूल न घेता जमिनीवर गुडघा टेकून बसतात, ड्रम आणि तबला एकत्र मांडतात, आणि शेजारी पाण्याची बादली असते. चार-पाच वेळा करून बघा. घरचे हसतील, हसू द्या.

१९८८ मध्ये त्यांचा 'उस्फ्रेट' आला, स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम. तोवर जॅझमधल्या डॉन चेरीपासून 'ओरेगॉन' या बँडपर्यंत अनेकांबरोबर वाजवून झालं होतं. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनबरोबरची त्रयी गाजली. पण स्वतःचं पान उघडताना त्यांनी आईला बोलावलं. १९७७ मध्ये एम्ब्रियो या जर्मन बँडच्या रेकॉर्डवरही दोघं एकत्र होती. 'उस्फ्रेट'मधल्या एका रचनेचं नावच 'शोभारॉक' आहे. ठुमरी गाणारी बाई शब्दाला समेवर कधी अलगद आणते, कधी मुद्दाम उशीर करते. अशा गळ्याखाली ड्रम लावायचे तर आधी गप्प बसता यायला हवं. माझ्या मते ड्रमरची परीक्षा इथे होते, सोलोत नव्हे.

आता गाणं लावा. 'शोभारॉक' दोनदा ऐका. एकदा गळ्यासाठी, एकदा फक्त सम कुठे पडते ते शोधायला.

आणि उद्या शिफ्टला जाताना खिशात इअर प्लग ठेवा. आठ तासांच्या पाळीला आवाजाची कायदेशीर मर्यादा ९० डेसिबल आहे. प्रेस शॉपमध्ये ती सहज ओलांडली जाते, आणि ड्रमच्या सरावाच्या खोलीतही. अशा आवाजाने कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.