दोन मार्कांचा प्रश्न

'सामान्य ज्ञान' हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्याची सामान्य माणसाशी कधी गाठ पडली नसावी. मंगोलियाची राजधानी कोणती, हे सामान्य ज्ञान. आणि चार पाहुणे अवचित आले तर आमटीत पाणी किती वाढवायचं, हे मात्र कुठल्याच ज्ञानात धरत नाहीत! उलानबातरला जाण्याचा प्रसंग माझ्यावर येईलसं वाटत नाही. पाहुणे मात्र येतातच.

हा विचार मला सुचला माकुणसारला. ते माझ्या मामाचं गाव. केळवे रोडच्या बाजूचं, वाड्यांचं. मे महिन्यात आमचे चिरंजीव प्रश्नमंजूषेचं जाडजूड पुस्तक घेऊन तिथे आले आणि ओटीवर ठाण मांडून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पहिला बळी अर्थातच मामी.

"आजी, पालघर जिल्हा कधी झाला?"

"झाला खरा बाबा. कागदावरचा पत्ता बदलला."

उत्तर होतं, १ ऑगस्ट २०१४. त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात. म्हणजे मामी घराचा उंबरठा न ओलांडता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. तरी त्यांना मार्क मिळाले शून्य.

मग गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज आला १९११ साली, त्या स्वागताची आठवण म्हणून बांधायला घेतलेली कमान पुरी झाली १९२४ साली. मामी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच की! पाहुणा येऊन गेल्यावर आवराआवर."

मग भाषा. 'पगार' हा शब्द कुठला? पोर्तुगीज. 'चावी' आणि 'बटाटा'ही त्यांचेच. आपला हापूससुद्धा मूळचा अफोन्सो.

"पण ते गेले ना रे इथून?"

"१७३९ साली. चिमाजीअप्पांनी घालवले. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले," चिरंजीवांनी एका दमात सांगितलं.

"बरं झालं सांगितलंस," मामी म्हणाल्या. "पण पगार कुठून आला हे तुझ्या पुस्तकात आहे. तो शनिवारी वाडीवरच्या बायांच्या हातावर पडायला हवा, हे कुठल्या पानावर आहे?"

चिरंजीवांनी पान उलटलं.

आता तुम्ही म्हणाल, पोराच्या खेळाचं एवढं काय मनावर घ्यायचं? खरं आहे. पण मला त्या खेळातली एक गोष्ट खटकत राहिली. एरवी प्रश्न विचारतो तो ज्याला उत्तर ठाऊक नसतं तो. इथे विचारणाऱ्याला उत्तर आधीच पाठ! त्याला काही जाणून घ्यायचं नसतं. समोरच्याला ठाऊक नाही, एवढंच पाहायचं असतं. याला प्रश्न कसं म्हणावं? ही झडती झाली. आणि ज्ञानाच्या नावाखाली दुसऱ्याची झडती घ्यायचा हक्क आपल्याला दिला कुणी?

आपल्याकडचा सर्वांत जुना प्रश्नमंजूषावाला म्हणजे महाभारतातला यक्ष. त्याचंही असंच. प्रश्न त्याचे, उत्तरं त्याला ठाऊक, आणि त्याला न जुमानता पाणी प्यायले म्हणून चार पांडव तळ्याकाठी आडवे. धर्मराजाने सगळी उत्तरं बरोबर दिली. पण यक्षाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. 'एकच भाऊ जिवंत करतो, कुणाला करू?' भीम नाही, अर्जुन नाही. धर्मराजाने नकुल मागितला. कुंतीचा एक मुलगा आहे, माद्रीचाही एक राहू दे, म्हणून. हे उत्तर कुठल्या पुस्तकात पाठ केलेलं नव्हतं. यक्ष प्रसन्न झाला तो या उत्तरावर, आणि मग चौघेही उठले.

मामा यक्षाइतके भारदस्त नाहीत, पण संध्याकाळी वाडीतून आल्यावर तेही खेळायला बसले.

"ब्रिस्बेनच्या कसोटीत, जानेवारी २०२१ मध्ये, आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने पहिल्या डावात किती धावा केल्या?"

"सदुसष्ट," मामा म्हणाले. "आता माझा प्रश्न. तो पोरगा क्रिकेटचं अवजड किट घेऊन इथून गाडीने मुंबईला जायचा. भरल्या डब्यात त्याच्या किटसाठी पाय आखडून कोण घेत असेल?"

"हे पुस्तकात नाही."

"नसायचंच. बरं, पालघरला १४ ऑगस्ट १९४२ ला हुतात्मे किती झाले?"

"पाच!" चिरंजीव उसळून म्हणाले. "दोन मार्क!"

"बरोबर. चले जावच्या चळवळीत कचेरीवर मोर्चा निघाला, गोळीबार झाला. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. पाच घरं." मामा जरा थांबले. "त्या रात्री त्या पाच घरांत चूल पेटली असेल का रे?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. पुस्तकात चार पर्याय असतात. इथे एकही नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना लहान मुलं होती का, आजोबा?" अख्ख्या सुटीतला त्यांचा हा पहिला खरा प्रश्न. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते हवं होतं.

सनावळी पाठ असण्यावर माझा मुळीच राग नाही. 'पाच' हा आकडा ठाऊक नसता, तर पुढचा प्रश्नही सुचला नसता. माझं म्हणणं एवढंच की आकड्यापाशी मार्क घेऊन थांबू नये.

खऱ्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम पाहायचा असेल तर विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसावं. २०१३ सालापासून ती सुरू आहे. एखादी म्हातारी घाबरून विचारते, "केळवे गेलं काय?" लगेच अख्खा डबा उत्तर देतो. "नाही हो आजी, आत्ता वैतरणा गेलं. मग सफाळं, मग केळवे." कुठल्या बाजूला उतरायचं यावर दोन मतं पडतात, वाद होतो, तिसरा तिचं गाठोडं उचलून दारापर्यंत नेतो. मार्क कुणालाच मिळत नाहीत. म्हातारी मात्र केळव्यालाच उतरते.