बोलीमागची ऐपत

हार्वर्ड विद्यापीठात पीडीपी-१ हा संगणक होता आणि तो वापरणारे पुष्कळ. तिथली वेळ वाटून घेण्याची रीत इव्हान सदरलंड यांनी १९६८ साली एका लेखात मांडली. वेळापत्रकावर आपली बोली लिहायची. कुणी जास्त लावली तर वेळ त्याची. बोली 'येन'मध्ये, पण हे येन खरे पैसे नव्हते. कामाचं महत्त्व पाहून प्रत्येकाला ते ठरवून दिलेले असत आणि वेळ वापरून झाली की पुन्हा हाती येत. खिसा आधीच ठरलेला असल्यामुळे बोलीतून कळायची ती निकड.

क्लाउडच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या, लिलावात नेमकी हीच गोष्ट हरवली: तिथे बोली खऱ्या पैशांत. ॲमेझॉनने डिसेंबर २००९ मध्ये रिकामे सर्व्हर बोलीवर द्यायला सुरुवात केली. तुम्ही कमाल दर सांगायचा. चालू दर त्याच्या वर गेला की मशीन काढून घेतलं जाई. २०१५ पासून दोन मिनिटं आधी सूचना मिळू लागली. तेवढ्यात नवं काम घेणं थांबवायचं आणि अर्धवट गणित डिस्कवर उतरवायचं. थांबून पुन्हा सुरू करता येणाऱ्या कामांसाठी हा सौदा खरोखर उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण २०११ मध्ये इस्रायलच्या टेक्नियन संस्थेतल्या संशोधकांनी जुने दर तपासले, तेव्हा ते बहुतांश वेळ मागणी-पुरवठ्यावर ठरत नसून विक्रेत्याच्या छुप्या किमान दरावरून निघत असावेत, असं त्यांना दिसलं. कांद्याच्या लिलावात भाव सगळ्यांदेखत फुटतो. इथे दुसऱ्याची बोली दिसतच नव्हती. २०१७ च्या अखेरीस कंपनीने बोलीची गरजच काढून टाकली.

आता लिलावाची कल्पना एज कम्प्युटिंगमध्ये, म्हणजे मोबाइल टॉवरजवळच्या छोट्या सर्व्हरपर्यंत आली आहे. संशोधक विल्यम विकरी यांच्या १९६१ च्या सिद्धांताचा आधार घेतात: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे, म्हणजे खोटी बोली लावून फायदा नाही. युक्ती सुंदर आहे. पण खरी बोलीसुद्धा खिशाच्या मापाचीच असते. क्लाउडमध्ये हरलेलं काम दुसरीकडे किंवा रात्री चालवता येतं. टॉवरजवळ जागा मोजकी, आणि उशीर चालत नाही म्हणूनच काम तिथे आलेलं. धावत्या रुग्णवाहिकेतून येणारा ईसीजी आणि ऑनलाइन गेम यांच्यात गेमची कंपनी सहज जास्त मोजेल. म्हणून त्या सर्व्हरचा काही भाग लिलावाबाहेर राखलाच पाहिजे, आणि तो किती, हे विक्रेत्याने एकट्याने ठरवू नये. उरलेल्यावर खुशाल बोली लागू दे.