आधार कोठवर द्यावा?

हिमालयाच्या उन्हाच्या उतारांवर चीड नावाचा सदाहरित वृक्ष वाढतो. संस्कृतात त्यास ‘सरल’, म्हणजे नीट उभा, असे नाव आहे. त्याचे रोप लावणारा मनुष्य मायेपोटी बहुधा दोन गोष्टी करितो: रोज भरपूर पाणी घालितो, आणि वाऱ्याने मोडू नये म्हणून रोप काठीस घट्ट बांधितो. ह्यात दोष तो कोणता, असे कोणी विचारील.

माती सदा चिंब राहिली तर मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. खोड वाऱ्याने हालले म्हणजे ते जाड होते; जे हालूच दिले नाही ते उंच वाढते, पण काठी काढताच लवते. म्हणून जाणता माळी दोरी सैल बांधितो, आणि रोपाने मूळ धरिले की काठी काढून टाकितो.

तर मग त्यास एकटे सोडावे काय? नाही. ह्या जातीच्या वृक्षांच्या मुळांशी एक बुरशी राहून त्यांस पोषण पुरविते. ती नसलेल्या जमिनीत रोपे खुरटतात, आणि जुन्या झाडांखालची माती आणून मिसळली की वाढू लागतात.

आमच्या मते विवेक येथेच आहे. वयात आलेल्या मुलाचे प्रत्येक कर्ज जो बाप फेडितो, तो काठी बनतो. जो त्यास कसब शिकवितो, तो मुळाशी माती घालितो. काठी काढल्यावर एखादे रोप मोडेलही. हे भय खोटे नव्हे. तथापि त्या भयास्तव ती कधीच न काढणे, ही माया नव्हे.