अँटिव्हायरस कोणता घेऊ?

चि. ओंकार,

नवा लॅपटॉप घेतलास, आनंद वाटला. अँटिव्हायरस कोणता घेऊ, असं विचारतोस. मी उलट विचारतो: घ्यायलाच हवा का?

तुझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्यात आधीच बसलेला आहे आणि चालूही आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. सुरुवातीला आम्ही दुरुस्तीवाले त्याची टिंगल करायचो. आता जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्थांच्या चाचण्यांत तो विकतच्यांच्या पंगतीत बसतो. या संस्था ठरावीक काळाने निकाल जाहीर करतात. दुकानदाराला विचारण्याआधी ते वाच. कमिशन कशावर जास्त आहे, हे त्या निकालांत नसतं.

लॅपटॉपबरोबर एखादा अँटिव्हायरस महिन्या-दोन महिन्यांसाठी फुकट आला असेल. तो चालू असेपर्यंत डिफेंडर आपणहून मागे सरतो. मुदत संपली की पाहुणा नुसता ओरडत बसतो. त्याला काढून टाक, डिफेंडर पुन्हा कामाला लागेल. त्याला न काढता त्याच्या उरावर आणखी एक आणून बसवू नकोस. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघे एकमेकांच्याच फायली तपासत बसतात आणि यंत्र रांगायला लागतं.

तरी विकत घ्यायचाच असेल, तर क्विक हीलचं नाव तुझ्या कानावर येईलच. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. मला त्याचा अभिमान आहे, पण अभिमानापोटी सॉफ्टवेअर घेऊ नये. त्यालाही तीच फूटपट्टी लाव: चाचण्यांचे निकाल काय आहेत, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पैसे पडतात, आणि न विचारता कार्डातून पैसे कापले जातात का.

शिवाय तो तुझी कोणती माहिती बाहेर पाठवतो, तेही बघ. अँटिव्हायरसला संगणकातला कानाकोपरा दिसतो. अवास्ट हा फुकट मिळणारा, घरोघरी पोचलेला अँटिव्हायरस. लोक कोणत्या वेबसाइट बघतात याची माहिती तो जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकत होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

आता खरं दुखणं. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक संगणकांत व्हायरस मालकाच्याच हातून शिरलेला असायचा. गेमचा किंवा फोटोशॉपचा 'क्रॅक' उतरवायचा, आणि त्यासोबतच्या सूचनेत पहिली ओळ काय? 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' आणि आपली पोरं तो बंद करतातही! तसंच, पडद्यावर लाल खिडकी उघडून 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर तो भामटा समज. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कुणी फसलंच आणि पैसे गेले, तर लाजत बसू नये, लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

अपडेट 'नंतर' म्हणून ढकलू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस जगभर पसरला, फायली कुलूपबंद करून तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागत सुटला. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. बहुतेक गोंधळ आधीचे दोन महिने 'नंतर' म्हणणाऱ्यांच्या यंत्रांवर झाला.

पैसे खर्चायचेच असतील तर बाहेरची हार्डडिस्क घे. फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं तिच्यावर उतरव आणि काम झालं की केबल काढून ठेव. जोडलेली राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप घालतो. खंडणीच्या वेळी डिफेंडरपेक्षा ही डिस्क जास्त कामाला येते.

ताईचा जुना संगणक मात्र विंडोज १० वर आहे, आणि त्याची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत दिली, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. ती केली आहे का बघ. नसेल तर तोवर तिला त्यावर बँकेचे व्यवहार करू देऊ नकोस. तो विंडोज ११ वर जाईल का, ते 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघ आणि मला कळव. जात नसेल तर मी आलो की त्यावर लिनक्स टाकू.

तुझा,
मामा