पुरापुढे थांबणे हा अविश्वास होय काय?

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. तो आमच्याच वर्तनाविषयी असल्यामुळे त्याचे उत्तर उघडपणे देणे आम्हांस योग्य वाटते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी फार आजारी होती व तिला प्रभुभोजन घेण्याची इच्छा होती. आम्ही मंडळीच्या दोन वडिलांसह पुण्याहून आपल्या लहान मोटारीने निघालो. वाटेत ओढ्याचा फरशी पूल पाण्याखाली गेला होता. पाणी गढूळ होते व त्यास ओढ होती. काही वेळ वाट पाहून आम्ही मागे फिरलो. त्याच रात्री ती भगिनी प्रभूमध्ये निजली. काही जण म्हणाले की, पाळकसाहेबांचा विश्वास कमी पडला. हे खरे काय, असे बंधू विचारतात.

प्रथम मोटारीची गोष्ट पाहू. मोटार लोखंडाची, म्हणून ती पाण्यात पाय रोवून उभी राहील असे वाटते. परंतु ती आतून पोकळ असते. लहान मोटारीचे वजन सुमारे ८०० ते ९०० किलो, आणि १ घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो. म्हणून तळाच्या वर फूटभर पाणी चढण्यापूर्वीच मोटार उचलली जाऊ लागते. मग स्टिअरिंग फिरविले तरी ती वळत नाही व ब्रेक दाबला तरी थांबत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. आतील दांडे वाकतात व इंजिन जागीच बंद पडते. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी चढले असता दारावर शंभर किलोहून अधिक भार येतो, तेव्हा ते आतून उघडणे कठीण होते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे, हे कोणास दिसते?

पुणेकरांस हे ऐकून ठाऊक आहे असे नाही. त्यांनी ते पाहिले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस अतिवृष्टी झाली आणि एरवी नाल्यासारखा दिसणारा आंबील ओढा वस्त्यांत शिरला. मोटारी व दुचाक्या काड्यांप्रमाणे वाहून गेल्या, आणि शहरात व आसपास वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. खडकवासल्याहून मुठेत अधिक पाणी सोडले की भिडे पूल बुडतो व तेथील वाहतूक बंद करितात. ती बंदी मोडणारा मनुष्य पुलाचा जुना परिचय सांगतो. परंतु पाणी कोणाचा परिचय मानीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, इस्राएल लोक यार्देनेत उतरले व पेत्र समुद्रावर चालला. होय, परंतु तेथे आधी आज्ञा झाली, मग पाऊल पडले. आम्ही आपल्या मनाने पाऊल टाकावे व मागाहून देवाने चमत्कार करावा, ही परीक्षा होय; आणि मंदिराच्या शिखरावर आपल्या प्रभूने तीच नाकारिली.

प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय पाहा. आपण रोमास पोहोचणार असे अभिवचन पौलास मिळालेले होते. तरी क्रेत बेटाजवळ त्यानेच पुढे जाण्याच्या धोक्याची सूचना दिली. शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकिले. थोडा दक्षिणवारा सुटताच सर्वांस धीर आला, जसा पावसाने घटकाभर उघडीप दिली की आम्हांस येतो. शेवटी २७६ जीव देवाच्या दयेने वाचले, परंतु तारू फुटले. ज्याच्याजवळ अभिवचन होते, त्यासच थांबण्यात कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात धरावे.

मोटार चालविणारा एकटा नसतो. त्याच्यासोबत बसलेल्यांचे जीव त्याच्या हाती असतात, आणि तो अडकला तर दोर घेऊन पाण्यात उतरणारे गावकरी आपला जीव धोक्यात घालितात. बुडणाऱ्यासाठी पाण्यात उतरणे ही प्रीती होय. परंतु लोक काय म्हणतील ह्या भयाने उतरणे हा गर्व होय, मग त्यास विश्वासाचे नाव दिले तरी.

तर मग आमचे मन स्वस्थ आहे काय? नाही. मागे फिरलो ह्याचा आम्हांस पस्तावा नाही. प्रभूची कृपा भाकर व द्राक्षारस यांच्या अभावी अडून राहत नाही. त्या रात्री उपदेशक बंधू तिच्या उशाशी प्रार्थना करीत होते, व प्रभूही तेथे होता. आमचा दोष निराळा आहे. त्या भगिनीचा पहिला निरोप वैशाखात आला होता. तेव्हा ओढा कोरडा होता व रस्ता मोकळा होता. सभा व कागदपत्रे यांच्या नादात आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ असे करीत राहिलो. त्या दिवशी पाण्यात मोटार घालण्याची जी ऊर्मी आमच्या मनात आली, ती विश्वासाची नव्हती. ते केलेल्या विलंबाचे ऋण एका धाडसात फेडू पाहणे होते.

म्हणून, बंधूंनो, पुरापुढे थांबा. त्यात लाज नाही. परंतु ज्याच्याकडे जावयाचे आहे, त्याच्याकडे ओढा कोरडा आहे तोवर जा. विश्वासाची परीक्षा बहुधा तेथेच होते, आणि तेथे आम्ही उणे ठरलो.