काहीच घडू न देणारे काम

निरभ्र संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर तासाभरात, आपल्या सौंदडच्या आकाशातून कधी कधी एक तेजस्वी ठिपका सरकत जाताना दिसतो. तो लुकलुकत नाही, त्याचा आवाज येत नाही आणि चार-पाच मिनिटांत तो दिसेनासा होतो. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दर दीड तासाला पृथ्वीला एक फेरी घालते. त्यात साधारणपणे सातजण राहतात. २ नोव्हेंबर २००० पासून त्यात माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही.

ही माणसे तिथे दिवसभर करतात तरी काय? २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला तिथे राहून आले, तेव्हा मूग आणि मेथीला अवकाशात मोड आणल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले. प्रयोग हे त्यांचे खरे कामच. पण वाचकहो, त्याखेरीज एक दुसरे काम असते, ज्याची बातमी होत नाही. हवा आत ओढणाऱ्या जाळ्यांवर जमलेली धूळ काढायची. तिथे धूळ खाली बसत नाही, वाऱ्याबरोबर जाऊन जाळीला चिकटते. हरवलेला चमचा किंवा स्क्रूही बहुधा तिथेच सापडतो. भिंती, कठडे जंतुनाशक फडक्याने पुसायचे. पंखे तपासायचे, कारण तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही आणि पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. लघवी आणि घाम गाळून त्याचे पुन्हा पिण्याचे पाणी करणारे यंत्र सांभाळायचे. आणि संडास बिघडला तर तो उघडून दुरुस्त करायचा. शनिवार हा घरातल्यासारखाच झाडलोटीचा दिवस.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, त्यात आपली कल्पना चावला गेली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ स्थानकावर बहुतेक वेळ दोघेच असत. तेव्हा म्हटले जायचे की, नुसते स्थानक चालू ठेवायलाच अडीच माणसे लागतात. म्हणजे दोघांनी राबायचे, तरी अर्धा माणूस कमीच!

आता आमच्या मनातला प्रश्न असा. ज्या कामातून नवे काहीच उभे राहत नाही, जे नीट झाले तर काहीच घडत नाही, त्या कामाची किंमत काय? धान पिकवणाऱ्याला रास दाखवता येते, गवंड्याला भिंत दाखवता येते. पण गोंदिया-बल्लारशा मार्गावर रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनने संध्याकाळी काय दाखवायचे? गाडी पडली नाही, एवढेच. आणि न पडलेली गाडी दिसत नाही.

आपल्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाहा. ते कोणी बांधले हे आपण अभिमानाने सांगतो, कोहळी समाजाचे नाव घेतो. पण तलाव एकदा बांधला जातो आणि पुढे दरवर्षी राखावा लागतो. पाळ कुठे खचली ते पाहणे, गाळ काढून शेतात नेणे, पाट मोकळे ठेवणे, ही कामे गावकरी मिळून करीत. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, ते योग्यच झाले. मात्र तलाव सरकारकडे गेले आणि राखण्याचे काम हळूहळू कोणाचेच उरले नाही. कितीतरी तलाव गाळाने भरले. कोणी मुद्दाम बुजवले नाहीत. बांधणाऱ्याचे नाव राहिले आणि राखणाऱ्याचे कामच बंद पडले.

राखले नाही तर काय होते, हे अवकाशातही एकदा दिसले. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सॅल्यूत-७ स्थानकावर आठवडाभर राहिले, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिकामे झाले. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याचा जमिनीशी संपर्क तुटला. जून १९८५ मध्ये व्लादिमिर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख हे दोघे तिथे पोहोचले. स्थानक मेलेले होते. त्याच्याकडून कसलाही संकेत येत नसताना त्यांनी आपले यान हाताने चालवून त्याला जोडले. आत काळोख, भिंतींवर बर्फ, पाणी गोठलेले. लोकरीच्या टोप्या घालून त्यांनी काम सुरू केले. मूळ दोष काय निघाला? बॅटरी भरली की नाही हे सांगणारे एक छोटेसे उपकरण बिघडले होते, म्हणून बॅटऱ्या भरल्याच गेल्या नव्हत्या. दोघांनी बॅटऱ्या थेट सौर पट्ट्यांना जोडल्या आणि स्थानक हळूहळू जिवंत केले. आत कोणी असते तर इतके झाले नसते, असे आम्हाला वाटते.

अशा कामात बुद्धी लागत नाही, हा समजही खोटा. २०१२ मध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांना स्थानकाबाहेर विजेचा एक मोठा खोका बदलायचा होता. ३० ऑगस्टला बोल्ट बसेना, खोका तात्पुरता बांधून त्यांना परतावे लागले. बोल्टाच्या भोकात धातूचा कीस अडकला होता. मग आतल्याच सामानातून साफ करण्याची साधने बनवली गेली, त्यात एक साधा दात घासायचा ब्रश होता. ५ सप्टेंबरला बोल्ट बसला. २०२० मध्ये हवा कुठून गळते ते सापडेना, तेव्हा रशियन अंतराळवीरांनी चहाची पत्ती हवेत सोडली आणि ती तरंगत कुठे जाते ते पाहिले. फट सापडली. आपल्या घरातली कोणतीही आजी हे वाचून मान डोलावेल.

कोणी म्हणेल, हे स्थानक तरी कुठे कायमचे आहे? २०३० पर्यंत चालवून पुढे ते समुद्रात पाडण्याचा आराखडा आहे. मग रोज पुसायचे कशाला? पण सकाळची भाकरी दुपारी संपते म्हणून ती कोणी थापायची सोडत नाही. आतली सात माणसे आज श्वास घेत आहेत, एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

खरा अवघड भाग पुढे आहे. त्या स्थानकावर संडास कोण साफ करते? ज्याची पाळी असेल तो. तो वैमानिक असेल, डॉक्टर असेल, स्थानकाचा प्रमुखही असेल. त्याने त्याचा मान कमी होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात त्यांनी हेच मांडले की, कामाची किंमत आधी काम कोणते यावरून नव्हे, तर ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. ऐकायला सोपे आहे. आपल्या देशात मात्र हे काम पिढ्यानपिढ्या जन्मावरून ठरले. आपणही त्यातून सुटलेलो नाही. चर्चच्या झाडलोटीच्या यादीत कोणाची नावे असतात आणि कोणाची कधीच नसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

अंतराळवीराला झाडू मारायला सन्मान वाटतो, कारण तो अंतराळवीर आहे, हेही मान्य करायला हवे. तो सहा महिन्यांनी परततो आणि त्याचे स्वागत होते. गटारात उतरणाऱ्याची पाळी मात्र संपत नाही. म्हणून ‘सर्व काम सारखेच थोर’ एवढे म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. थोरवी सांगून काम त्याच्याच गळ्यात राहते. पाळी वाटली गेली पाहिजे आणि जीव राखला गेला पाहिजे.

स्थानकावरच्या संडासात तीव्र आम्ल वापरतात. म्हणून ते उघडणारा हातमोजे घालतो, डोळ्यांना चष्मा लावतो, आणि एकेक पायरी सांगायला जमिनीवर माणसे कान लावून बसलेली असतात. हाताने मैला साफ करवून घेण्यास आणि संरक्षण साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवण्यास बंदी करणारा कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला. तरीही सेप्टिक टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच असतात. त्या टाकीतही हवाच वाईट असते. तिथे पंखा नसतो, आणि वर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा फक्त मजुरी ठरवून गेलेला असतो. मैला उपसणारा पंपाचा टँकर आता मिळतो. त्याचे पैसे जास्त पडतात.