योगाभ्यास आणि लेखकाचा शब्द

योगाभ्यासाने लेखकाचे काय साधते, असा प्रश्न आमच्या एका तरुण स्नेह्याने डिचोलीच्या न्यायालयाबाहेर, अशिलाची वाट पाहत उभे असता, आम्हांस विचारला. हा स्नेही कथा लिहितो आणि अलीकडे पहाटे उठून आसने व प्राणायाम करू लागला आहे. मन एकाग्र झाले की महिन्याला दोन कथा सहज लिहून होतील, असा त्याचा हिशेब. आम्ही त्या वेळी हसून विषय टाळला. परंतु प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. तो वरवर आरोग्याचा दिसला, तरी मुळात नीतीचा आहे. लेखकाने मन स्थिर करावयाचे ते कशासाठी? अधिक लिहिता यावे म्हणून, की खोटे लिहिले जाऊ नये म्हणून?

शरीराला होणारा लाभ आम्ही नाकारीत नाही. वकील आणि लेखक या दोघांचाही रोग एकच, तो म्हणजे बैठकीचा. पाठ वाकलेली, मान पुढे झुकलेली, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. तेव्हापासून या विषयास केवळ श्रद्धेचा विषय म्हणण्याचे कारण उरलेले नाही. आम्ही स्वतः योगाकडे वळलो तेही पाठदुखीमुळेच, मोक्षाच्या ओढीने नव्हे. परंतु कणा ताठ झाला म्हणून वाक्य ताठ होते असे नाही. लेखकाला होणारा खरा लाभ निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. यांपैकी विकल्प ही वृत्ती लेखकाने विशेष ध्यानात घ्यावी. विपर्यय म्हणजे दोरीला साप समजणे. तेथे निदान दोरी तरी असते. विकल्पात शब्दामागे वस्तूच नसते. शब्द ऐकून मनाला अर्थ कळल्यासारखे वाटते, आणि त्या वाटण्यावरच मन तृप्त होते. लेखकाच्या व्यवसायातला रोग याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. वकिलाला तर या रोगाचे शिक्षणच मिळते.

आमचाच एक अपराध येथे सांगणे प्राप्त आहे. पेडण्याकडील एका खेड्यात आम्हांस शिकविणारे मास्तर वारले, तेव्हा त्यांच्यावर आम्ही मृत्युलेख लिहिला. त्यात त्यांना ज्ञानाचा नंदादीप म्हटले, वात्सल्याचा सागर म्हटले, आणि त्यांनी जन्मात कोणावर आवाज चढविला नाही असेही लिहिले. लेखाची वाहवा झाली. पुढे समाचारास गेलो असता मास्तरीणबाईंनी चहा पुढे ठेवला आणि शांतपणे म्हटले, "लेख बरो जाला, वकीलबाब. पूण हांतूंत ते खंय आसात?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. काही महिन्यांनी पहाटे प्राणायामास बसलो असता ते वाक्य आपोआप वर आले, आणि त्यामागोमाग मास्तर आले. मास्तर रागीट होते. त्यांच्या छडीचा प्रसाद आम्हीही घेतला होता. परंतु ज्या मुलाला दुपारी मारले, त्याच्याच घरी ते तिन्हीसांजेस कंदील घेऊन शेताच्या बांधावरून जात आणि तेच गणित त्याला पुन्हा समजावून देत. हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. पण नंदादीप हा शब्द तयार होता, कंदील आठवावा लागला असता. आठवण्यापुरतेही आम्ही थांबलो नाही.

हे थांबणे हाच योगाचा लेखकास लाभ, असे आमचे मत बनले आहे. श्वास घेणे आणि सोडणे यांच्यामध्ये जसा विराम असतो, तसा शब्द सुचणे आणि तो स्वीकारणे यांच्यामध्येही असावयास हवा. एरवी तो इतका अल्प असतो की, सुचले तेच खरे असे वाटते. अभ्यासाने तो किंचित वाढतो, आणि तेवढ्या अवकाशात लेखक स्वतःस विचारू शकतो: या शब्दामागे वस्तू आहे काय?

यावर एक आक्षेप येईल. वृत्ती शांत झाल्या तर साहित्य उरेल कसे? राग, लोभ, विरह, मत्सर यांवरच तर लेखणी जगते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. अस्वस्थ चित्ताच्या माणसांनी थोर ग्रंथ लिहिले आहेत, आणि योगाभ्यासाने अकवीचा कवी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तथापि पतंजलीने निद्रेलाही वृत्तीच म्हटले आहे, हे विसरू नये. अर्थात चित्त शांत होणे म्हणजे झोपी जाणे नव्हे. मास्तरांविषयीची माया आमच्या ठिकाणी पहाटेच्या त्या घटकेस अधिकच दाटली होती. कमी झाली होती ती आपल्याच शब्दांवरची भूल.

या मुलुखाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ साली बांद्यास झाला. त्यांचे घराणे मूळचे पेडणे महालातील पालयें गावचे. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे. सोहिरोबा वंशपरंपरेने कुलकर्णी होते. गावचे दप्तर राखणे, वसूल मांडणे, कागद करणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणजे शब्दाशी त्यांचे नाते प्रथम आमच्यासारखेच कामकाजाचे. परंपरा सांगते की, पस्तिशीच्या सुमारास इन्सुलीच्या रानात त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, त्यांनी कुलकर्ण सोडले आणि ते नाथपंथी योगी झाले. लक्षणीय गोष्ट ही की, योगाने त्यांची वाणी बंद पडली नाही. 'महदनुभवेश्वरी'सारखा ग्रंथ आणि शेकडो पदे ही या नव्या आयुष्याची निर्मिती. पदे त्यांच्या मुखातून येत आणि त्यांची बहीण ती उतरून घेई, असेही सांगतात. एके काळी दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने आपले शब्द मात्र सांभाळून ठेवले नाहीत!

त्यांच्याविषयी आणखी एक आख्यायिका आहे. उत्तर हिंदुस्थानात ते महादजी शिंद्यांकडे गेले असता, स्वतः कविता करणाऱ्या महादजींनी आपले काव्य अभिप्रायार्थ त्यांच्यापुढे ठेवले. सोहिरोबांनी ऐश्वर्याची भीड न धरता ते नावाजण्याचे नाकारले. आख्यायिका आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तरीही लोकांनी एका योग्याची आठवण ठेवताना चमत्काराच्या जोडीला ही गोष्टही जपली, यात मर्म आहे. योग्याचा शब्द विकत मिळत नाही, हे लोकांना सांगावयाचे होते.

म्हणूनच अष्टांगांत आसनाच्या आधी यम येतात, आणि यमांत सत्य, अस्तेय व अपरिग्रह आहेत. दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून न मिरविणे हे लेखकाचे अस्तेय. टाळ्यांचा साठा न करणे हा त्याचा अपरिग्रह. हे वगळून केवळ एकाग्रता मिळविली, तर चतुर लेखक अधिक चतुराईने खोटे लिहील. वाटेत लाभणाऱ्या सिद्धींना पतंजलीने समाधीच्या आड येणारे विघ्न म्हटले आहे. भराभर लिहिता येणे हीदेखील लेखकाची एक सिद्धीच. तिच्यापाशीच मुक्काम केला, तर पुढचा प्रवास खुंटला.

आमच्या तरुण स्नेह्याला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. पहाटेचा अभ्यास त्याने अवश्य चालू ठेवावा. महिन्याला दोन कथा होतील असा भरवसा मात्र आम्ही देत नाही. कदाचित दोन महिन्यांना एकच होईल. पण ती ज्याच्यावर लिहिली असेल, त्याच्या घरच्या माणसांनी वाचली, तर 'हांतूंत ते खंय आसात?' असे विचारण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. आमच्यावरील मास्तरांचा लेख अजून फिटावयाचा आहे. तो आम्ही पुन्हा लिहावयास घेतला आहे.